जात्याची पहाट आणि कोयत्याची रात्र

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा भुईकोट किल्ला आणि चांदबीबी असावी. नगरच्या बाईने इतिहास लिहायचा म्हणजे दुसरे काय लिहायचे? परंतु चांदबीबीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि चौंडीच्या अहिल्यादेवींवर तर त्यांच्या जन्माला २०२५ साली तीनशे वर्षे झाली तेव्हा गावोगाव लेख आणि व्याख्याने झाली. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नावही मिळाले. म्हणून मी यंदा निराळा विषय घेते. माझा विषय आहे झोप. आपल्या जिल्ह्यातील बाईची झोप.

भगिनींनो, हसू नका. झोपेलाही इतिहास असतो. बाईने कितीला उठावे आणि कितीला पाठ टेकावी, हे तिने स्वतः फारसे कधी ठरविलेले नाही. कधी ते धान्याने ठरविले, कधी गिरणीच्या भोंग्याने, कधी मुकादमाने. आणि त्याचा हिशेब तिच्या पाळीत, तिच्या गरोदरपणात आणि तिच्या कुशीत लिहिला गेला. तो हिशेब कोणी फारसा मांडला नाही, कारण जिच्याजवळ तो होता तिला मांडायला सवड नव्हती.

आरंभ जात्यापासून करू. आपला मुलूख बाजरीचा. बाजरीचे पीठ ठेवून खाता येत नाही, थोड्याच दिवसांत ते कडू होते. त्यामुळे आपल्या आज्या-पणज्यांना गव्हाच्या मुलखातील बायकांसारखे आठवड्याचे दळण काढून ठेवण्याची सोय नव्हती. बाजरी रोजची रोज दळायची. आठ-दहा माणसांचे घर असले की दीड-दोन तास जात्यावर जात, आणि हे दोन तास दिवसातून निघत नसत. दिवस शेताचा, विहिरीचा आणि चुलीचा होता. ते निघत रात्रीतून. पहिल्या कोंबड्याला, चांदण्या डोक्यावर असताना बाई उठे. जात्यावरच्या ओव्यांचे आपण फार कौतुक करतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, ते मोठेच काम झाले. परंतु त्या ओव्या ज्या घटकेला म्हटल्या गेल्या, ती घटका बाईच्या निजेतून कापलेली होती, हे आपण विसरतो. झोप अनावर होऊ नये म्हणूनही बाई गात असणार, असे मला आपले वाटते.

पुढे पुकपुक करणारी तेलाच्या इंजिनाची गिरणी मोठ्या गावांत आली, मग विजेची आली, आणि हळूहळू वाडीवस्तीवरचे जाते कोपऱ्यात जाऊन बसले. गिरणीच्या पिठात सत्त्व राहत नाही, अशी तक्रार तेव्हा सर्वत्र होती. दुसरी तक्रार अशी, की जाते सुटले म्हणून बायकांची बाळंतपणे अवघड झाली. ही समजूत अजून ऐकू येते. तिच्यात तथ्य एवढेच, की गरोदर बाईने अंग हलते ठेवणे चांगले, आणि आजचे डॉक्टरही तेच सांगतात. परंतु पुरती झोप घेऊन घटकाभर हातपाय हलविणे निराळे, आणि अर्धी झोप मोडून दोन तास दगड ओढून मग दिवसभर खुरपायला जाणे निराळे. त्या काळी सुखाने बाळंत झालेल्या बायकांच्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. ज्या बाळंतपणात गेल्या त्यांच्या गोष्टी सांगायला कोण राहिले होते?

झोपेचा आणि कुशीचा संबंध काय, असे कोणी विचारील. पूर्वी तो अनुभवाने ठाऊक होता. शास्त्राला मागाहून कळला. डोक्यात मेंदूच्या तळाशी एक लहानसे केंद्र आहे, ते घड्याळासारखे काम करते. उजेड आणि अंधार पाहून ते शरीराला दिवस कोणता नि रात्र कोणती हे सांगते. अंधार पडला की मेंदूतील एका छोट्या ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचा रस स्रवतो. तो १९५८ साली अमेरिकेत एरन लर्नर यांनी प्रथम वेगळा काढला. शरीरातील पेशीपेशींत असे घड्याळ कसे चालते, हे दाखविणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता, पाळी नियमित येण्यासाठी मेंदूकडून बीजकोशाला ठराविक वेळी ठराविक हुकूम जावे लागतात. हे हुकूम सोडणारी कचेरी आणि हे घड्याळ मेंदूत शेजारी शेजारीच आहेत. घड्याळ बिघडले की हुकूमही मागेपुढे होतात. अमेरिकेतील सुमारे ७१ हजार परिचारिकांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या पाळ्या दिवस-रात्र अशा फिरत्या होत्या त्यांच्यात महिन्याची पाळी अनियमित असण्याचे प्रमाण अधिक आढळले. डेन्मार्कमध्ये २०१९ साली २२ हजारांहून अधिक गरोदर नोकरदार स्त्रियांची नोंद तपासली, तेव्हा आठव्या आठवड्यानंतर ज्यांनी एका आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केल्या, त्यांना पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका सुमारे एक तृतीयांशाने जास्त दिसला. अशा पाहण्यांवरून रात्रपाळी हेच कारण असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्या बायकांच्या आयुष्यात इतरही ताण असतात. परंतु बोट कोणीकडे दाखविले जाते आहे, ते स्पष्ट आहे.

हे शास्त्र नव्हते तेव्हाही कामाचे तास हा बायकांच्या प्रकृतीचा प्रश्न आहे, हे काही लोकांनी ओळखले होते. त्यांत आपल्या मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला, तो मुलांपुरता होता. बायकांच्या तासांविषयी त्यात काही नव्हते. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. मागण्या किती साध्या होत्या पाहा: आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. सूर्यास्तापर्यंत काम म्हणजे रात्र आपली, ही ती मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. मला ही गोष्ट कोणत्याही किल्ल्याच्या वेढ्याइतकीच मोठी वाटते. त्या दोघींची नावे मात्र आपण शाळेत शिकलो नाही. त्याच वर्षी रविवारची सुटी मिळाली. १८९१ च्या कायद्याने बायकांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली, मध्ये दीड तास विसावा ठेवला आणि रात्री आठ ते पहाटे पाच काम बंद केले.

अकरा तास! आज आपण त्याला जुलूम म्हणू. परंतु त्या बाईच्या दृष्टीने पाहा. भोंग्याआधी उठून भाकऱ्या, भोंग्यानंतर परत येऊन चूल; हे तास कायद्यात कुठेच मोजले नव्हते, अजूनही मोजले जात नाहीत. १९२०च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक करून गिरणीतील बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करविली. तिने पाहिले ते असे, की कामावर जाणाऱ्या आया बहुतेक तान्ह्यांना अफू घातलेली बाळागोळी देऊन निजवीत. आईची झोप गिरणीने नेली आणि बाळाची झोप अफूने विकत आणली, असा तो प्रकार होता. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली कायदा झाला; रोजचे आठ आणे ठरले. आपल्या देशात असा कायदा करणारा पहिला प्रांत मुंबई.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदली पाहिजे. बाईला रात्री कामावर घ्यायचे नाही, बाळंतपणात पैसे द्यायचे, असे नियम आले तसा मालकांचा कल बायका कमी घेण्याकडे झाला. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील बायकांचे प्रमाण घटत गेले; त्याची कारणे अनेक, त्यांतले हे एक. म्हणून रात्रपाळीची बंदी काढा असे म्हणणाऱ्या स्त्रियाही आहेत, आणि २०२० सालच्या श्रमसंहितेत बाईच्या संमतीने, सुरक्षिततेच्या अटींवर रात्रीच्या कामाला मुभा देण्यात आली. माझे मत विचाराल तर संमती या शब्दाची मला भीती वाटते. उचल घेतलेल्या बाईची संमती म्हणजे काय?

उचल म्हटले की आपला जिल्हा आला.

१९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, आणि कोरड्या रानात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना निघाला होताच. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्याचा अभिमान आपल्या सर्वांना आहे आणि असावा. कालव्याच्या काठच्या बाईचे दिवस त्या साखरेने बदलले. तिच्या मुली शाळेत गेल्या.

परंतु त्याच जिल्ह्याची दुसरी बाजू पाथर्डी, शेवगाव, जामखेडची. तिथे कालवा पोचला नाही. तिथून, आणि शेजारच्या बीडमधून, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची ती कोयत्याच्या नावाने, फेडायची ती दोघांनी. एखादा दिवस कामाला नाही गेले की खाडा लागतो, तो उचलीत चढतो. पाळीचे चार दिवस असोत की सातवा महिना असो, खाडा तो खाडा.

या कामाला रात्र का लागते, ते समजून घेतले पाहिजे. ऊस तोडला की त्यातली साखर उतरू लागते. जितका लवकर गाळात जाईल तितका चांगला. म्हणून कारखाना हंगामात अहोरात्र चालतो. आत काम करणाऱ्यांना तीन पाळ्या आहेत, आठ तास झाले की माणूस बदलतो. फडातल्या बाईला पाळी नाही. म्हणजे कामाची पाळी नाही, दुसरी आहे, आणि तीच तिला अडचणीची. तीनला उठून तिने तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापायच्या, उजाडण्याआधी फडात जायचे. नवरा तोडतो, ती पाचट सोलते, मोळी बांधते, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. संध्याकाळी कोपीवर येऊन पुन्हा चूल. आणि मग रात्री अकराला म्हणा, दोनला म्हणा, गाडी येते. गाडी आली की सगळ्या टोळीने भरायला उठायचे. परिचारिकेची रात्रपाळी निदान तक्त्यावर लिहिलेली असते. हिची कोणीच लिहीत नाही. त्या परदेशी पाहण्यांत अशी बाई नाही. तिथे दिव्यांचा उजेड होता, इथे त्याबरोबर ओझे आहे, अपुरे अन्न आहे, पाण्याची टंचाई आहे. झोप किती दोषी आणि ओझे किती, हे वेगळे काढणे कठीण. बाईच्या अंगावर ती सगळी एकदमच येतात.

दोन हंगामांपूर्वी आमच्या गावाजवळ कालव्याच्या कडेला टोळी उतरली होती. आम्ही काही जणी जुने कपडे घेऊन गेलो. एक बाई, वय तिशीच्या आतबाहेर, कोपीच्या सावलीत बसली होती. मी विचारले, “का गं बाई, बरं नाही का?” ती म्हणाली, “न्हाई मावशी, पिशवी काढलीया औंदा. वजन उचललं की पोटात ओढतं.” कशासाठी काढली? अंगावरून पांढरे जात होते, पाळी महिन्यातून दोनदा येत होती. तालुक्याच्या गावच्या एका डॉक्टरने पुढे कॅन्सर होईल असे सांगितले. “अन् मावशी, खाडं तरी किती पाडायचं? आता ती कटकटच गेली.” शस्त्रक्रियेचे पैसेही मुकादमाच्या उचलीतलेच. तिला धाकटे मूल तीन वर्षांचे होते.

ही एकटी बाई असती तर मी लिहिले नसते. २०१९ साली बीडमधील या प्रकाराचा बोभाटा झाला, तेव्हा विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा जणींमागे एक. पाहणी बीडची खरी, पण शिरूर कासारची शीव आणि पाथर्डीची शीव एकच आहे, आणि टोळीत दोन्हीकडच्या बायका शेजारी शेजारी मोळ्या वाहतात. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याचे वय आले नसताना ती जाते, हाडे ठिसूळ होतात, अंगाची आग होते, आणि झोप, जी आधीच थोडी होती, तीही उडते. त्या गलबल्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून अशी शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यात करू नये, असा निर्बंध तिथे आला. निर्बंध योग्यच आहे. परंतु ज्या पांढऱ्या जाण्याने आणि बिघडलेल्या पाळीने बाई दवाखान्यात गेली, ती तक्रार फडातून आली होती. फड तसाच राहिला.

ऊसतोडीचे सांगताना विडीच्या बायका राहून जातात. नगरच्या पद्मशाली वस्तीत आणि संगमनेरात घरोघर सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कारखान्याच्या जागेत सायंकाळी सातनंतर बाईला काम देण्यास मनाई केली. पण विड्या वळल्या जातात घरात, आणि मजुरी हजारावर. हजार पुरे झाले नाहीत तर दिवा लावून पुरे करायचे. घराच्या उंबऱ्याआत सात कधी वाजतात, ते कोणता इन्स्पेक्टर पाहणार?

आपल्या जिल्ह्यात या बाबतीत काहीच झाले नाही असे नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे वेल्लोरचे शिक्षण घेऊन जामखेडला येऊन राहिले. त्यांनी दवाखाना काढलाच, पण त्याहून मोठे काम केले ते गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका करण्याचे. गावाने निवडलेली बाई, पुष्कळदा निरक्षर, पुष्कळदा दलित वस्तीतली, आठवड्याला जामखेडला येऊन शिके आणि गावात जाऊन शिकवी. त्यांच्या गावांत १९७१ साली जन्मलेल्या हजार मुलांमागे १७६ पहिल्या वर्षात दगावत. १९९० नंतरच्या दशकात तो आकडा विशीच्या आसपास आला. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या कामातली मला सर्वांत पटलेली गोष्ट पुरस्काराची नाही. गरोदर बाईच्या दारात जाऊन तिने काय खाल्ले, किती काम केले, हे सेविका तिलाच विचारी, आणि सासूसमक्ष विचारी. गावोगावची महिला मंडळे त्या कामाचे हातपाय झाली. मंडळ म्हणजे हळदीकुंकू आणि पाककृती एवढेच नव्हे, हे आम्हाला तिकडून कळले.

त्या पद्धतीने आम्हीही एक लहानसे काम आरंभिले आहे. दसऱ्याला टोळ्या निघण्याआधी तालुक्यातील वस्त्यांवर जाऊन बायकांची नोंद करायची, रक्त तपासून घ्यायचे, गरोदर असेल तिचे कार्ड तिच्या हाती द्यायचे, म्हणजे ज्या कारखान्याच्या गावी ती जाईल तिथल्या आशाताईला ते दाखविता येईल. सरकारी कागदावर वय, अपत्ये, पाळीची तारीख, रक्ताचा आकडा यांसाठी रकाने आहेत. झोपेसाठी नाही. म्हणून आम्ही आपल्या वहीत पट्टीने दोन रकाने वाढविले: कितीला निजता, कितीला उठता. निजण्याच्या रकान्यात आठ, नऊ, दहा असे आकडे आले. उठण्याच्या रकान्यात हंगामाचे विचारले, तेव्हा बहुतेकींनी आकडा सांगितलाच नाही. त्या म्हणाल्या, “लिवा, गाडी आली की.” आम्ही तसेच लिहिले आहे.